अकरा फटींचे घर

दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम आणि खुर्ची ठेवली की उभे राहायला जागा उरत नाही एवढी बाल्कनी. माणसे दोन. पंखे तीन. फटी अकरा : पुढच्या दाराला तीन, दिवाणखान्याच्या खिडकीला दोन, स्वयंपाकघराच्या खिडकीला एक, बाल्कनीच्या दाराला एक, बाथरूमच्या झरोक्याला एक, सिंकखाली नळ भिंतीत शिरतो तिथे एक, केबलच्या भोकाची एक आणि पूर्वी कधीतरी काढून नेलेल्या एसीच्या नळीची एक.

मित्रांनो, या घराची हवा या अकरा वाटांनी आत येत असे. बाहेर जायची मुख्य वाट मात्र एकच होती, आणि ती वाट म्हणजे मी. स्वयंपाकघराच्या भिंतीत, ओट्याच्या वर, छतापासून वीतभर खाली बसवलेला मी एक जुना एक्झॉस्ट पंखा आहे. मला पाती पाच आहेत. मला धरून ठेवणारे स्क्रू चार आहेत आणि त्यातला एक गंजला आहे. माझ्या जाळीतून ओटा दिसतो, जेवणाचे टेबल दिसते आणि त्यापलीकडे सरळ रेषेत घराचे पुढचे दार दिसते. बाथरूम मला दिसत नाही, पण ते माझ्या भिंतीला लागूनच आहे, त्यामुळे तिथले सगळे ऐकू येते. मी जे सांगणार आहे त्यातले बरेचसे मी नुसते ऐकलेले आहे. ते आठवले की अजूनही माझी पाती जागच्या जागी थरथरतात.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे तांब्याची तार गुंडाळणारी एक बाई होती. ती दिवसाला ऐंशी मोटरी गुंडाळायची आणि एकाही वेढ्याची चूक करायची नाही. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस आजोबा बसत. त्यांनी मला वीज दिली, डोळे मिटले आणि कान लावला.

"हा बोलतो कमी आणि ओढतो जास्त," ते म्हणाले. "पास!"

माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. ते मी जपून ठेवले आहे, कारण पुढे अशी फारशी कौतुके वाट्याला आली नाहीत.

या घरात मला वायरमनने बसवले. तो स्टुलावर उभा राहून चौथा स्क्रू पिळत असताना घरमालकीणबाई खाली उभ्या होत्या. वायरमन म्हणाला, "बाई, एक ध्यानात ठेवा. हा तासाला तीनशे घनमीटर हवा बाहेर फेकणार. तेवढीच हवा कुठूनतरी घरात येणार. तेव्हा हा चालू असला की एखादी खिडकी उघडी ठेवायला सांगा भाडेकरूंना."

"सांगते की," बाई म्हणाल्या. त्यांचे लक्ष भिंतीवर त्याच्या बोटांचे डाग पडलेत का, याकडे होते.

त्यांनी ते कुणालाही सांगितले नाही. भाडेकरू आले आणि गेले. एक आजी होत्या. त्या तळण काढताना माझ्याकडे बघून "तू आहेस म्हणून माझे डोळे आहेत रे बाबा" असे म्हणायच्या. त्यांच्यानंतर आलेल्यांनी मला कधी पुसलेही नाही. तेल, धूळ आणि वाफ यांचा थर पात्यांवर चढत गेला. माझा आवाज वाढला, वेग थोडा कमी झाला. पण मी ओढत राहिलो.

मग आई आणि भिंगरी राहायला आल्या.

आई दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. भिंगरी दहा वर्षांची. जागच्या जागी गरगर फिरायची तिला खोड, म्हणून तिच्या मामाने हे नाव पाडले होते. शाळा चार मिनिटांवर, दवाखाना अकरा मिनिटांवर. भाडे परवडणारे. आईने पहिल्या दिवशी पूर्ण घर पुसले, आणि पुसता पुसता माझ्यावरूनही एक हात फिरवला. मला वाटले, आता आपले दिवस पालटले.

तिसऱ्या महिन्यात वास सुरू झाला.

शेजारच्या घरात घड्याळवाले काका एकटे राहत. चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करून आता ते घरी बसले होते. त्यांच्याकडे एक म्हातारा कुत्रा होता. त्याची चाल आणि तोंडावरचा भाव असा होता, की सगळा मजला त्याला भाऊसाहेब म्हणत असे. भाऊसाहेब चौदा वर्षांचे झाले होते. त्यांची मूत्रपिंडे थकली होती. जिथे बसत तिथेच ओले होई. कुत्र्याच्या मुताचा वास पहिल्या दिवशी फारसा येत नाही, मित्रांनो. जीवाणू त्याचा अमोनिया करतात तेव्हा तो नाकात घुसतो. तो गालिच्यात मुरतो, फरशीच्या सांध्यांत मुरतो आणि मग कितीही पुसा, हटत नाही.

तो वास पॅसेजमधून पुढच्या दाराखालून येई. दोन्ही बाथरूमांमागे इमारतीचा एक उभा, अरुंद डक्ट होता, त्यातून बाथरूमच्या झरोक्यातून येई. सिंकखालच्या भोकातूनही येई. घरातली सगळी हवा शेवटी माझ्याकडेच येत असल्यामुळे तो मला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त समजे.

आईने घरमालकीणबाईंना फोन केला. फोन स्पीकर लावून टेबलावर ठेवलेला होता, म्हणून मलाही ऐकू आले.

"कुत्रं त्यांचं, घर माझं आणि नाक तुमचं," बाई म्हणाल्या. "मी कुणाकुणाला सांभाळू? आणि भिंतीला हात लावायचा नाही हं. एक खिळासुद्धा नको. पटत नसेल तर महिनाअखेर आहेच, दुसरं घर बघा."

आईने फोन ठेवला आणि बराच वेळ ती टेबलावरचा एकच डाग पुसत राहिली. शाळेजवळ, दवाखान्याजवळ, या भाड्यात दुसरे घर नव्हते. ती दोन महिने शोधून इथे आली होती.

तिच्या भावाला हे कळले. भिंगरीचा मामा शीतगृहात नोकरीला होता. थंड कोठारांची दारे, त्यांचे रबर, त्यांचे सांधे यांची देखभाल तो करायचा. त्याच्या हाताखालच्या कोठारातून थंडीचा एक कण बाहेर जात नसे, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"ताई, एवढंच ना?" तो म्हणाला. "आमच्या कोठारात मुंगीला शिरायचं झालं तर अर्ज करावा लागतो. तुझं घर म्हणजे चाळण आहे नुसती."

तो रविवारी आला. सोबत फोमच्या पट्ट्या, रुंद चिकटपट्टी आणि रबराची नळी. त्याने उदबत्ती पेटवली आणि ती प्रत्येक कडेशी धरून धूर कुठे हलतो ते पाहिले. अकरा फटी त्यानेच मोजल्या, आणि भिंगरीने त्या वहीत लिहून घेतल्या. भिंतीला धक्का न लावता त्याने एकेक फट बुजवली. काम इतके सुबक होते की दाखवल्याशिवाय दिसू नये. संध्याकाळपर्यंत दहा बंद झाल्या. अकरावी फट म्हणजे पुढच्या दाराचे जुने, मोठे किल्लीचे भोक. तिथे किल्ली घालावी लागते म्हणून ते तेवढे राहिले.

"आणि हा पंखा चालू ठेव," मामा माझ्याकडे बोट करून म्हणाला. "चोवीस तास. चुकून काही आत आलंच, तर हा घालवेल."

आईने माझे बटण दाबले.

मित्रांनो, त्या क्षणापासून माझी पाचावर धारण बसली.

मी फेकतो तेवढी हवा मला मिळायलाच हवी. मी ती मागून घेत नाही, ओढून घेतो. ते माझ्या हातात नाही, मला तसे बनवले आहे. दहा वाटा बंद झाल्या. किल्लीच्या भोकातून बारीक शिट्टी वाजू लागली. पण एका भोकाने माझे भागेना. मग हवा कुठून येते हे मी चाचपू लागलो, आणि मला उत्तर सापडले.

बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता. त्याचा धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी डक्टमध्ये उघडत होती. ती मामाने बंद केली नव्हती. ती फट नव्हती ना, ती धुराची वाट होती. त्या नळीतून हवा आता उलटी येत होती. गिझर बंद असेल तेव्हा डक्टमधला भाऊसाहेबांचा वास घेऊन येई. आणि गिझर पेटला की वर जाणारा त्याचा सगळा धूर मागे फिरे, बाथरूममध्ये उतरे, दाराखालून बाहेर येई, दिवाणखाना ओलांडून माझ्याकडे येई.

तो धूर काळा नसतो. त्याला वासही नसतो. मला तो फक्त कोमट आणि ओलसर लागे. पण आपल्याच धुरात जळणारी ज्योत नीट जळत नाही. ती कार्बन मोनॉक्साइड सोडते. तो रक्तात शिरला की प्राणवायूची जागा बळकावतो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. नुसते डोके दुखते आणि झोप येते.

आणि तो त्या दोघींच्या अंगावरून माझ्याकडे कोण ओढून आणत होते? मीच.

चौथ्या दिवशी भिंगरीने टेबलावर डोके टेकले.

"आई, कपाळ ठणकतंय."

"माझंही," आई म्हणाली. "हा मेला वास. बघ ना, एवढं सगळं बंद केलं तरी येतोच."

"पण शाळेत गेलं की थांबतं."

"तेच तर सांगतेय! घराबाहेर पडलं की बरं वाटतं. म्हणजे हा वासच आहे. दुसरं काय असणार?"

भिंगरीने भुवया वर केल्या. तिला काहीतरी विचारायचे होते, पण तिला मळमळत होते. आईने उठून खिडकीची पट्टी अंगठ्याने आणखी दाबली. त्यानंतर रोजच ती मधूनमधून पट्ट्या दाबत फिरायची.

मला ओरडायचे होते. भीतीने माणसाचे हातपाय गळतात. मला हातपाय नाहीत, तेव्हा गळायलाही काही नव्हते. मी फक्त फिरत होतो. कितीही घाबरलो तरी हळू होऊ शकत नव्हतो. माझी मोटर जळावी, तो गंजलेला स्क्रू तुटावा, वीज जावी, असे मी रोज मनात म्हणत असे. पण तार गुंडाळणाऱ्या बाईने वेढे चोख घातले होते. मी थांबलो नाही.

असे पंधरा दिवस गेले. भिंगरीने गरगर फिरणे सोडून दिले. आई ओट्याला धरून उभी राहू लागली. दवाखान्यात एका पेशंटने तिच्या एप्रनचा वास घेऊन तोंड मिटून घेतले, तेव्हा तिच्या सहनशक्तीचा अंत झाला. तिने एक चिठ्ठी लिहिली : "तुमच्या कुत्र्याच्या वासाने माझी मुलगी आजारी पडली आहे. आठ दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर मी तक्रार करीन." ती तिने काकांच्या दारावर चिकटवली. चिकटपट्टी घरात भरपूर होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला भिंगरी आंघोळीला गेली. तिचे डोके त्या दिवशी फारच दुखत होते. "गरम पाण्यानं बरं वाटेल," आई म्हणाली होती. भिंगरीने आतून कडी लावली. नळ सुटला. गिझर भप्प करून पेटला.

भिंगरीला तांब्याने अंगावर पाणी घेताना मोठ्याने मोजायची सवय होती. पंचवीस तांबे झाले की आंघोळ संपली.

"एक. दोन. तीन."

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली.

"कोण आहे?" आईने विचारले.

"मी, शेजारचा. ही चिठ्ठी तुम्हीच लावलीत ना?"

आई दाराशी गेली, पण तिने दार उघडले नाही. "तिथूनच बोला काका. दार उघडलं की सगळा वास आत शिरतो."

"अहो, समोरासमोर सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मी काय चावतो का? आणि ज्याला चावता येत होतं, त्याच्या तोंडात आता दात राहिले नाहीत."

"तुम्हाला थट्टा सुचते! माझी पोरगी पंधरा दिवस डोकं धरून बसलीय."

"सात. आठ," भिंतीपलीकडून आले. कोमट, ओलसर हवा माझ्या जाळीवर येऊन थडकू लागली.

"मी दिवसातून चार वेळा फरशी पुसतो हो," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "त्याची मूत्रपिंडं गेली. घड्याळ असतं तर उघडून बसलो असतो. याला कुठून उघडू? चौदा वर्षांचा सोबती आहे. त्याला टाकून देऊ का, तुम्हीच सांगा."

"टाकून द्या असं कोण म्हणतंय? पण आम्ही काय करायचं? मला दुसरं घर मिळत नाही. नोकरीवर लोक नाक मुरडतात. मी अजून किती बंद करू घर?"

"अकरा... बारा... बारा... तेरा."

बारा दोनदा आले. मी ऐकले. मित्रांनो, शंभरापासून उलटे मोजायला सांगितले तरी न चुकणारी ती मुलगी होती. माझ्या तोंडचे पाणी पळाले असते, जर तोंड असते तर. आई, मागे वळ, मी म्हणत होतो. भांडण राहू दे. मागे वळ.

"म्हाताऱ्या माणसाशी बंद दाराआडून बोलायचं, ही कुठली रीत?" काका म्हणाले.

"रीत मला नका शिकवू!"

मी चौदाची वाट पाहिली. चौदा आले नाही. नळाचा आवाज येत होता. तांब्या फरशीवर पडल्याचा खणकन आवाज आला आणि बादली भरून पाणी वाहू लागले. पाणी एकसारखे, कुठेही न अडता वाहत होते. आणि मी ओढत होतो.

"थांबा," काका एकदम म्हणाले. "ही शिट्टी कसली?"

"विषय बदलू नका."

"बाई, चाळीस वर्षं मी घड्याळांचं दुखणं कानानं ओळखलं. तुमच्या किल्लीच्या भोकातून शिट्टी वाजतेय. एक मिनिट."

कागद फाटल्याचा आवाज आला. त्यांनी त्या चिठ्ठीचाच एक कोपरा फाडून भोकापाशी धरला असावा. तो कपटा सुर्रकन आत आला आणि आईच्या छातीला लागून खाली पडला. आई त्याच्याकडे बघत राहिली. त्यावर तिच्याच अक्षरात 'वासाने' एवढाच शब्द होता.

"आला ना आत?" काका बाहेरून म्हणाले. "मी फुंकलं नाही हं, नुसता सोडला. अहो, वास मी पाठवत नाहीये. तुमचं घर ओढतंय. पंखा चालू आहे का?"

"चोवीस तास."

"आणि खिडक्या?"

"सगळ्या बंद. पट्ट्या लावून."

बाहेरून दाराला हात टेकल्याचा आवाज आला.

"बाई," काका म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात भांडण अजिबात नव्हते. "तुमचा गिझर विजेचा की गॅसचा?"

"गॅसचा. का?"

"आत्ता चालू आहे?"

आई मागे वळली. "भिंगरे?"

फक्त पाणी.

"भिंगरी!"

ती धावली. बाथरूमचे दार आतून बंद. तिने दोन्ही मुठींनी ते बडवले. काका पुढच्या दारावर ओरडत होते, "आधी हे दार उघडा! हवा येऊ द्या! हे उघडा!" ती पुन्हा पळत आली, कडी काढली आणि दार सताड उघडले.

हवा लोंढ्यासारखी आत आली. तिच्यासोबत भाऊसाहेबांचा तो अमोनियाचा, गालिच्याचा, म्हातारपणाचा वास आला, खच्चून भरलेला. त्या वासाने आम्हाला दोन महिने छळले होते. पण त्या क्षणी मी तो अधाशासारखा ओढला. त्या हवेत प्राणवायू होता.

काकांनी आत येऊन बाथरूमच्या दाराला खांदा लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडीचे स्क्रू निघाले. "गॅस बंद करा! पंखा बंद करा! मी हिला उचलतो!"

आईने आधी गिझरची तोटी फिरवली, मग ओट्यावर हात टेकून माझे बटण दाबले. पंधरा दिवसांनी मी थांबलो. पाती फिरायची थांबायला नऊ सेकंद लागले. ते नऊ सेकंदसुद्धा मी ओढतच होतो.

काकांनी भिंगरीला टॉवेलात गुंडाळून पॅसेजमध्ये नेले. उघड्या दारातून मला तिची एक टाच दिसत होती. ती हलत नव्हती. आई तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसून तिचे गाल थोपटत होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "पूर्ण कर गं, पंचवीस पूर्ण कर." भाऊसाहेब फरफटत बाहेर आले आणि तिच्या पायांशी बसले. काका फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होते आणि एकेक शब्द दोनदा सांगत होते.

टाच हलली. ओकारीचा आवाज आला. मग एक बारीक, झोपाळलेला आवाज.

"चौदा झाले का?"

आई हुंदके देऊन रडली. मला रडता येत नाही. माझ्या पात्यावरून तेलाचा एक थेंब ओट्यावर पडला.

भिंगरी तीन दिवस रुग्णालयात होती. तोंडाला प्राणवायूचा मुखवटा होता. डॉक्टरांनी सांगितले की आणखी पाच-सात मिनिटांनी काही सांगता आले नसते. हे मला मामाच्या तोंडून कळले. तो आला आणि एकेक पट्टी सोलत गेला. सगळ्या निघाल्यावर तो टेबलाशी बसला.

"ताई, मी शीतगृह केलं गं," तो म्हणाला. "माणसं राहतात हेच विसरलो."

आईने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "मीही रोज दाबत होते ना त्या पट्ट्या," ती म्हणाली.

त्यानंतरचे आठ दिवस मी बंद होतो. बंद असताना विचार करायला फार वेळ मिळतो. मी आठवत राहिलो, की ज्या हवेने ती मुलगी पडली ती हवा माझ्याकडेच येत होती. आता हे लोक मला काढतील याची भीती होती. आणि काढले नाही, पुन्हा चालू केले, तर काय, याची भीती त्याहून मोठी होती.

नवव्या दिवशी गॅस तपासणारी बाई आली. घरमालकीणबाईही आल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हा जुना पंखाच काढून टाका," घरमालकीणबाई म्हणाल्या. "यानंच केलं सगळं."

"पंख्याला कशाला शिव्या देता?" गॅसवाली बाई खोका उघडत म्हणाली. "त्याला ओढायला सांगितलं, त्यानं ओढलं. हवा आत यायची सोय कुणी ठेवली नाही. तुम्हाला हा बसवताना कुणी काही सांगितलं नव्हतं?"

घरमालकीणबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग, "भिंत फोडायची असेल तर फोडा. मी काही बोलणार नाही."

गॅसवाल्या बाईने आधी जुनी स्थिती तपासली. मामाने नव्या पट्ट्या लावल्या. भिंगरीला काकांच्या घरी पाठवले. बाथरूममध्ये स्टुलावर एक छोटे मापक ठेवले, गिझर पेटवला, मला चालू केले आणि सगळ्यांना पॅसेजमध्ये उभे केले. घरात मी एकटा उरलो. मी फिरत होतो आणि ती कोमट, ओलसर हवा पुन्हा माझ्याकडे येत होती. कुणी आत तर नाही ना, एवढेच मी ऐकत होतो. नऊ मिनिटांनी मापक किंचाळू लागले. बाईने प्राणवायूचा मुखवटा चढवून आत येऊन सगळे बंद केले. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे चारशे बारा भाग.

मग त्यांनी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला, डक्टपासून दूर, वीतभर रुंद भोक पाडले आणि त्याला जाळी बसवली. तिथून मोकळी हवा येते. ती सहज मिळत असल्यामुळे मला दाराखालून काही ओढावे लागत नाही, आणि काकांकडचा वासही आता क्वचितच येतो. बाईने गिझरच्या नळीतले जळमट काढले, सांधे नवे केले. आईने दवाखान्याच्या पुरवठादाराकडून भाऊसाहेबांसाठी ओल शोषणाऱ्या पातळ गाद्या मिळवल्या. काकांनी गालिचा फेकला. आणि एका दुपारी त्यांनी मला भिंतीतून उतरवले, पाती एकेक करून धुतली, घड्याळाचे तेल दोन थेंब सोडले. काम करताना ते भिंगरीला सांगत होते, "मीसुद्धा तरुणपणी बंद दुकानात धातू जोडायला डाग द्यायची ज्योत पेटवून बसलो होतो. डोकं दुखतंय म्हणून दुकानाचं दार आणखी घट्ट लावून घेतलं. शहाणा ना मी!"

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या यंत्रांना थांबायचे कधी हे कळले तरी थांबता येत नाही. ते तुम्ही ठरवायचे असते. हवा बाहेर फेकणारा पंखा लावाल तेव्हा ती आत कुठून येणार ते आधी बघा. ज्या घरात ज्योत जळते त्या घराला श्वास घ्यायला जागा ठेवा. घरात डोके दुखत असेल आणि बाहेर पडल्यावर थांबत असेल, तर कोणावर रागावण्याआधी खिडकी उघडा आणि ज्योत विझवा. आणि शेजाऱ्याचा वास येत असेल, तर चिठ्ठी लावण्याआधी त्याचे दार वाजवा.

नवी जाळी बसली त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता गॅसवाल्या बाईने दुसरी चाचणी घेतली. सगळ्या खिडक्या बंद. पुढचे दार बंद, त्याच्या फटींवर पट्ट्या. मी पूर्ण वेगात. गिझर पेटलेला, नळ पूर्ण सोडलेला. मापक बाथरूममध्ये, त्याच स्टुलावर. वेळ तीस मिनिटे. आकडा भिंगरीने वाचला आणि वहीत लिहिला.

कार्बन मोनॉक्साइड : दहा लाख भागांत शून्य.